मागच्या गाडीतली ‘ती’

‘प्रत्येक यशस्वी पुरुषामागे एक स्त्री असते’ हे वाक्य ऐकून ऐकून आता गुळगुळीत झालंय. लांब पल्ल्याच्या सायकल शर्यतीत मात्र ते शब्दशः खरं असतं. तो पुढे सायकलवर आणि ती त्याच्या मागे गाडीत! मांडीवर वही, पायाशी बर्फाचा डबा आणि डोळे सायकलच्या लाल दिव्यावर खिळलेले. अशी एक रात्र काढली, की ‘मागे असणं’ म्हणजे नुसता डबा पुरवणं नव्हे, हे चांगलंच कळतं.

गेल्या काही वर्षांत पुणे, नाशिक, नागपूर, मुंबई सगळीकडेच सायकलचं वेड वाढलंय. सुरुवात बहुधा ‘ब्रेव्हे’पासून होते. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ६०० किलोमीटर ४० तासांत. त्यात मदत घ्यायची ती फक्त ठरलेल्या थांब्यांवर. घरच्यांनी मागे गाडी घेऊन फिरायचं नाही. म्हणजे आपलं काम घरी बसून फोनची वाट बघण्यापुरतंच! पण नवरा पुणे ते गोवा या साधारण साडेसहाशे किलोमीटरच्या ‘डेक्कन क्लिफहँगर’सारख्या शर्यतीत उतरतो, तेव्हा साथीची गाडी आणि मदतनीसांची टोळी, म्हणजे ‘क्रू’, लागतोच. आणि त्या क्रूमध्ये हक्काचं माणूस कोण? अर्थातच बायको.

ही शर्यत ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ची, म्हणजे ‘राम’ची पात्रता फेरी. ‘राम’ १९८२ साली चार सायकलस्वारांनिशी सुरू झाली. पश्चिम किनाऱ्यावरून निघून वाळवंट, रॉकी पर्वत आणि कान्सासची वाऱ्याची मैदानं पार करत पूर्व किनारा गाठायचा. सुमारे ४,९०० किलोमीटर, आणि एकट्या पुरुष स्पर्धकाला साधारण १२ दिवसांची मुदत. घड्याळ झोपेतही थांबत नाही. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये जोडीनं ती पूर्ण केली. २०१७ मध्ये डॉ. श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी एकट्यानं ती पार केली. २०१९ मध्ये नवी मुंबईच्या कबीर राचुरेंनी ती पूर्ण केली, तेव्हा त्यांच्या क्रूची सूत्रं त्यांची बहीण सपना हिच्याकडे होती. फोटो मात्र छापून येतो तो सायकलवाल्याचाच!

मागच्या गाडीत नेमकं काय चालतं? पहिलं काम हिशेबाचं. दर तासाला अडीचशे-तीनशे कॅलरी आणि अर्धा ते पाऊण लिटर पाणी पोटात जायला हवं. नुसतं साधं पाणी पीत राहिलं तर रक्तातलं मीठ कमी होऊन चक्कर येते, गोंधळायला होतं. म्हणून मीठ-साखर-लिंबू हवंच. वहीत लिहायचं : किती वाजता, काय खाल्लं, किती प्यायला, लघवीला कधी गेला. तान्ह्या बाळाची नोंद ठेवावी ना, अगदी तसंच! खायला उकडलेले बटाटे, मीठ लावून. खजूर, केळी, राजगिऱ्याचे लाडू, तूप-साखरेची पोळी गुंडाळून. दहीभात तर दुपारच्या उन्हात अमृतच. एक मात्र लक्षात ठेवा, दीडशे किलोमीटरनंतर गोड नकोसं होतं. आवडीचा पदार्थही तो भिरकावून देतो. मनाला लावून घ्यायचं नाही, दुसरा डबा उघडायचा.

दुसरं काम शरीराचं. खोगिराच्या जागी कातडी सोलवटते. वेळेवर कपडे बदलणं, स्वच्छता, मलम, हे सगळं संकोच न करता विचारायला आणि करायला घरचंच माणूस लागतं. आणि तिसरं काम सगळ्यात अवघड. तो ‘मी ठीक आहे’ म्हणतो, तेव्हा तो खरंच ठीक आहे का, हे ओळखायचं.

आमच्या पहिल्या पुणे-गोवा शर्यतीत बेळगाव मागे पडलं तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. लाल दिवा सरळ रेषेत जाण्याऐवजी डावी-उजवीकडे झुलायला लागला. मी खिडकीतून हाक मारली, तर नवरा म्हणाला, ‘‘रस्त्याच्या कडेला एवढी माणसं का उभी आहेत गं?’’ रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मी गाडी पुढे घ्यायला लावली आणि त्याला उतरवलं. तो चिडला, ‘‘वेळ जातोय, तुला कळत नाही!’’ तासभर झोपवलं, आल्याचा चहा दिला, मग सोडलं. शेवटी शर्यतीची मुदत आमची पंचवीस मिनिटांनी हुकली.

पुढचा महिनाभर घरात त्या पंचवीस मिनिटांबद्दल कुणी बोलत नव्हतं, आणि तरी तेवढंच ऐकू येत होतं. मी मात्र आजही म्हणेन, ट्रक धावणाऱ्या हायवेवर झोपेत सायकल चालवणाऱ्या माणसाला थांबवायचंच असतं. ‘राम’ पाच वेळा जिंकणाऱ्या स्लोव्हेनियाच्या युरे रॉबिचलाही शर्यतीत भास व्हायचे. केव्हा झोपायचं आणि केव्हा निघायचं, हे त्याचा क्रू ठरवायचा, तो स्वतः नाही. थकलेलं डोकं स्वतःची थकवणूक मोजू शकत नाही, एवढं साधं आहे ते.

दुसऱ्या वेळी आम्ही शहाणपणानं एक गोष्ट केली. घरी, डायनिंग टेबलवर बसून, एका कागदावर थांबवायच्या खुणा लिहिल्या. सायकल झुलायला लागली, आजचा वार सांगता आला नाही, दोनदा उलटी झाली, चार तास लघवी झाली नाही, की थांबायचं. वाद नाही. खाली नवऱ्यानं स्वतःच्या अक्षरात लिहिलं, ‘निर्णय हिचा.’ त्या दोन शब्दांनी माझ्या मनावरचं ओझं निम्मं झालं. कारण मग मी त्याच्या स्वप्नाच्या आड येणारी बायको उरले नव्हते, त्यानंच मला दिलेलं काम करत होते.

मैत्रिणींनो, कुणाच्या घरी अशी तयारी चालू असेल, तर स्वतःसाठीही चार गोष्टी मागून घ्या. गाडी चालवायला दोन माणसं हवीतच, पेंगणारा ड्रायव्हर सायकलवाल्यापेक्षा धोकादायक. तुमच्या झोपेची पाळी कागदावर लिहा. रात्री स्वच्छतागृह असलेले पेट्रोल पंप आणि ढाबे आधीच हेरून ठेवा, नाहीतर आपण पाणी पिणंच सोडतो! खर्चाचा आकडा सुरुवातीलाच दोघांनी मिळून बघा. आणि शर्यतीनंतरचा आठवडाही धरून चाला. बोटं बधिर होतात, शर्टाचं बटण लागत नाही, मन उगाच उदास होतं. पदक मिळो वा न मिळो, घर पुन्हा रुळावर यायला वेळ लागतोच.

आता बायकाही मोठ्या संख्येनं सायकलवर बसताहेत. तेव्हा प्रश्न असा, की ती पुढे असेल, तेव्हा मागच्या गाडीत वही, मलम आणि दहीभात घेऊन रात्रभर जागणारा कोण असेल? ‘तू जा, मी मुलांकडे बघतो’ ही मदत मोठीच आहे. पण त्यानंही एखादी रात्र तिच्या लाल दिव्याकडे डोळे लावून काढायला हवी. संसारात कुणी कुणाच्या मागे असायचं, हे एकदा आलटून पालटून बघायला काय हरकत आहे?