दुपारची झोप कधी सोडवायची?

"बाळ तीन वर्षांचं झालं, आता दुपारी झोपवायचं की नाही?" नायगाव, परळ, डिलाईल रोडच्या आया हा प्रश्न आम्हाला नेहमी विचारतात. घरातल्या आजीचा सल्ला सोबत असतोच : दुपारी झोपू देऊ नका, रात्री छळतं, आळशी होतं.

आळशी होत नाही. लहान मुलाच्या मेंदूला सकाळपासून रात्रीपर्यंत सलग जागं राहणं झेपत नाही, म्हणून ते पेंगतं. मेंदू वाढतो तसा जागं राहण्याचा पल्ला लांबतो. सव्वा-दीड वर्षाच्या सुमारास दिवसाच्या दोन झोपांची एक होते आणि ती एकही बहुतेक मुलं तीन ते पाच वर्षांच्या दरम्यान सोडतात. शेजारच्या मुलीने तिसऱ्या वर्षी सोडली म्हणून आपल्याही मुलाने सोडावी, असं नाही.

वयापेक्षा तासांचा हिशेब बघा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं आहे की एक-दोन वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून ११ ते १४ तास आणि तीन-चार वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास झोप हवी.

आता आपलं घर घ्या. बीडीडी चाळीची खोली १६० चौरस फुटांची. त्याच खोलीत टीव्ही, तिथेच स्वयंपाक, तिथेच उशिरा कामावरून आलेल्या बाबांचं जेवण. मूल अकराला झोपतं आणि बालवाडीसाठी सातला उठतं. झाले आठ तास. उरलेले दोन तास दुपारीच भरून निघतात. अशा घरात दुपारची झोप मोडली तर मुलाच्या वाट्याची झोपच कमी होते. म्हणून आधी रात्र लांबवा, मग दुपार कमी करा. नऊला टीव्ही बंद, कोपऱ्यात अंथरूण, मध्ये जुन्या साडीचा पडदा. एवढं जमतं.

परळच्या चाळीतल्या एका खोलीत सुभेदार रामजी बाबासाहेबांना लवकर झोपवत, स्वतः रात्री दोनपर्यंत जागत आणि मग त्यांना अभ्यासाला उठवून आपण झोपत. ही गोष्ट शाळकरी वयातली. दोन वर्षांच्या लेकराला पहाटे उठवायला तिचा दाखला कोणी देऊ नये. पण मुलाची झोप आधी, मोठ्यांची नंतर, हा क्रम बघा.

झोप सोडायची वेळ आली हे मूलच दाखवतं. दुपारी अर्धा-पाऊण तास अंथरुणात लोळतं पण झोपत नाही. झोपलंच तर रात्री खूप उशिरापर्यंत टक्क जागं. आणि ज्या दिवशी झोपत नाही, त्या दिवशीही संध्याकाळी हसतंखेळतं असतं. दोन-तीन आठवडे रोज असं दिसलं तरच धरा. दोन वर्षांची मुलं मध्येच काही दिवस झोपायला नाही म्हणतात, ती पुन्हा झोपू लागतात. पाच वाजता किरकिर, डोळे चोळणं, बेस्टच्या बसमध्ये बसल्याबसल्या मान टाकणं, म्हणजे झोप अजून हवी आहे.

सोडवताना एकदम तोडू नका. आधी तासाभरावर आणा, तीननंतर झोपू देऊ नका. मग एक दिवसाआड. न झोपलेल्या दिवशी रात्री तासभर लवकर झोपवा. दुपारी थोडा वेळ मात्र शांत पडून राहायला लावा, हातात चित्रांचं पुस्तक चालेल, मोबाईल नको.

गिरण्यांच्या काळात पाळीवर जाणाऱ्या कितीतरी आया तान्ह्याला अफूची बाळागोळी देऊन जात. १९२० च्या दशकातल्या सरकारी पाहणीत त्याची नोंद आहे. बाळाला बघायला कोणी नाही आणि पाळी चुकवली तर पगार नाही, अशी त्यांची कोंडी होती. पाळणाघराची सक्ती कारखाना कायद्यात १९४८ साली आली. आज अफू गेली, पण झोप यावी म्हणून सर्दीचं गुंगी आणणारं सिरप पाजणारी घरं आम्ही पाहतो. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलएफ्रिन एकत्र असलेलं औषध चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असं केंद्रीय औषध नियंत्रकांनी २०२३ मध्ये बजावलं आहे. बाटलीवरची बारीक अक्षरं वाचा, नाहीतर औषध दुकानदाराला विचारा.

पाच वर्षं उलटून, रात्री पुरेसं झोपूनही मूल रोज दिवसा झोपत असेल, झोपेत मोठ्याने घोरत असेल, श्वास अडल्यासारखा वाटत असेल किंवा पांढुरकं दिसत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. परळला वाडिया बालरुग्णालय आहे, जवळच केईएम आहे. जाताना आठवडाभराच्या झोपेच्या वेळा कागदावर लिहून न्या.