रहिमतपूरहून परदेशी: नवे घर मांडताना होणारे गैरसमज

परदेशात संसार मांडायचा तर सगळे इथूनच न्यावे लागते, हा सर्वांत जुना आणि सर्वांत महागात पडणारा समज. रहिमतपूर, कोरेगाव भागातून शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी निघालेल्यांच्या बॅगेत कुकर, मिक्सर, पोळपाट-लाटणे, समई आणि कंदी पेढ्यांचा डबा ठरलेलाच. यातले काय उपयोगी पडेल हे तिथली शेगडी, तिथली वीज आणि तिथला कायदा ठरवतो.

कुकर आणि तवा असला की स्वयंपाकघर लागले, असे मानले जाते. युरोपातल्या अनेक घरांत गॅस नसतो, काळ्या काचेची सपाट शेगडी असते. दिसायला सारखीच असली तरी ती दोन प्रकारची निघते. एकीत काचेखालची तार तापते. तिच्यावर सपाट बुडाचे धातूचे कोणतेही भांडे चालते. दुसरी इंडक्शनची. तिच्यात भांड्याचे बूडच चुंबकीय क्षेत्राने तापते, त्यामुळे साधा अ‍ॅल्युमिनियमचा कुकर किंवा तांब्या-पितळेचे पातेले तिच्यावर थंडच राहते. पारख सोपी आहे: फ्रिजवर लावायचे चुंबक भांड्याच्या बुडाला घट्ट चिकटले तर भांडे चालेल. खोलगट तवा मात्र दोन्हींवर नीट तापत नाही, कारण त्याचे बूड काचेला पुरते टेकतच नाही. लोखंडी तवा न्यायचाच असेल तर सपाट बघून घ्यावा.

पिन बदलणारा अ‍ॅडॅप्टर घेतला की मिक्सर कुठेही चालतो, हाही असाच समज. अ‍ॅडॅप्टर फक्त पिनांचा आकार जुळवतो, विजेचा दाब बदलत नाही. भारतात घरगुती वीज २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झची आहे. ब्रिटन, जर्मनी, ऑस्ट्रेलिया इथेही तीच, म्हणून तिथे मिक्सर नुसत्या अ‍ॅडॅप्टरवर चालतो. फक्त तो अ‍ॅडॅप्टर मिक्सरच्या वॉटचा भार पेलणारा हवा. अमेरिकेत मात्र १२० व्होल्ट आणि जपानमध्ये १०० व्होल्ट. तिथे इथल्या मिक्सरची पाती फिरतात, पण ओल्या खोबऱ्याचे वाटण होत नाही. दाब वाढवणारा ट्रान्सफॉर्मर मिळतो, पण मिक्सरचा भार पेलणारा ट्रान्सफॉर्मर स्वतःच काही किलोंचा असतो. त्यापेक्षा तिथलाच मिक्सर घेतलेला बरा. मोबाइल आणि लॅपटॉपच्या चार्जरवर बहुधा १०० ते २४० व्होल्ट असे छापलेले असते. त्यांना अ‍ॅडॅप्टर पुरतो.

घरच्या खाऊला कोण अडवणार, असे म्हणून पेढ्यांचा डबा सर्वांत वर ठेवला जातो. युरोपीय संघात बाहेरच्या देशांतून येणाऱ्या प्रवाशांना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणण्यास मनाई आहे. लहान बाळांच्या दूधभुकटीसारखे मोजके अपवाद सोडले तर सवलत नाही. जर्मनीच्या विमानतळावर तपासणीत सापडलेले कंदी पेढे जप्त होतात, मग ते कितीही मायेने बांधून दिलेले असोत. झाडापानांचा नियम आणखी बारीक आहे. १४ डिसेंबर २०१९ पासून ताजी फळे, भाज्या, फुले, पाने तिथे नेताना वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते. अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन या पाच फळांना तेवढी सूट आहे. म्हणजे पूजेचा नारळ जातो. आंब्याचा डहाळा आणि विड्याची पाने जात नाहीत. तोरण कापडाचे किंवा मण्यांचे न्यावे. ऑस्ट्रेलियात डाळी, मसाले, बियाणे आणि लाकडी पोळपाट-लाटणेसुद्धा उतरल्यावर जाहीर करावे लागते. कीड नसलेले स्वच्छ लाकूड तपासून बहुधा परत मिळते. लपवलेल्या वस्तूवर दंड होतो.

घर भाड्याने घेताना रिकामे घर म्हणजे फक्त पलंग-सोफा नसलेले घर, असे गृहीत धरले जाते. जर्मनीत रिकाम्या घरात अनेकदा ओटा, सिंक आणि शेगडीही नसते, छताला दिव्याऐवजी नुसत्या तारा लोंबतात. जाहिरातीत स्वयंपाकघर धरले आहे का, हे आधी विचारावे. डिपॉझिट बुडतेच, असेही ऐकू येते. जर्मनीत ते जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याएवढे घेता येते आणि भाडेकरूला तीन हप्त्यांत भरता येते. इंग्लंडमध्ये २०१९ च्या कायद्याने नेहमीच्या घरांसाठी पाच आठवड्यांच्या भाड्याची मर्यादा घातली आहे आणि घरमालकाला ती रक्कम ३० दिवसांत सरकारमान्य योजनेत सुरक्षित करावी लागते. पैसे परत मिळण्यात खरी मदत होते ती पहिल्याच दिवशी काढलेल्या फोटोंची आणि सही केलेल्या वस्तूंच्या यादीची.

आता भिंत. रहिमतपूरच्या जुन्या वाड्याची भिंत कोनाडा काढण्याइतकी जाड असते; खिळा कुठेही ठोकावा. अमेरिकेतल्या बऱ्याच घरांत आतली भिंत जिप्समच्या पत्र्याची, साधारण अर्धा इंच जाडीची असते. मागे लाकडी खांब उभे असतात, बहुधा १६ इंचांच्या अंतराने. जड देवघर किंवा कपाट खांबातच स्क्रूने बसवावे लागते. नुसत्या पत्र्यात मारलेला खिळा वजनासकट खाली येतो. इथली नेहमीची गिट्टीही तिथे पकड घेत नाही, पोकळ भिंतीची वेगळी मिळते. भाड्याच्या घरात काहीच रंगवता येत नाही, हा समज अर्धाच खरा. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०१३ मध्ये असा निकाल दिला, की पांढऱ्या भिंतींचे घर घेऊन ते भडक रंगांत परत करणाऱ्या भाडेकरूला भरपाई द्यावी लागते. म्हणजे राहताना हळदीचा पिवळा लावावा, निघताना मात्र फिका रंग परत द्यावा.

थंडीत खिडकी उघडली की ऊब वाया जाते, या समजुतीने सर्वांत जास्त घरे खराब होतात. भाताची वाफ, अंघोळीची वाफ, घरात वाळत घातलेले कपडे यांचा दमटपणा थंड भिंतीवर पाणी होऊन बसतो आणि कपाटामागे काळी बुरशी धरते. दिवसातून दोन-तीनदा पाच-दहा मिनिटे खिडक्या सताड उघडल्या की दमट हवा निघून जाते आणि भिंतीत साठलेली ऊब टिकते. मोहरीच्या फोडणीने धुराचा अलार्म वाजतो म्हणून त्याला पिशवी बांधणे मात्र जिवावर बेतू शकते. पंखा आधी लावावा. उदबत्ती आणि समई अलार्मपासून दूर ठेवावी.

दिशांचा नियम जगभर एकच, असे समजून घर निवडणाऱ्यांची ऑस्ट्रेलियात फसगत होते. साताऱ्यात हिवाळ्यात ऊन दक्षिणेकडून येते. सिडनी-मेलबर्नला दुपारचा सूर्य वर्षभर उत्तरेला असतो, म्हणून तिथे उत्तरेच्या खिडक्यांच्या घराला मागणी. पूर्व मात्र पूर्वच राहते. पूर्वाभिमुख देवघराला काही अडचण नाही.

आपली माणसे भेटायला वर्षे जातात, हेही तितकेसे खरे नाही. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून चालू आहे आणि उत्तर अमेरिकेतल्या मंडळांना जोडणारे बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ मध्ये स्थापन झाले. पोहोचल्यावर पहिल्या आठवड्यातच जवळच्या मंडळाशी संपर्क साधावा. गणपतीची मूर्ती कुठे मिळते, पुरणासाठी चांगली डाळ कोणत्या दुकानात, परतणाऱ्या कुटुंबाचा मिक्सर किंवा पाळणा कोणाकडे उपलब्ध आहे, हे तिथल्या जुन्या रहिवाशांना ठाऊक असते.