स्थानिक निवडणुका : खोळंबा, कारणे आणि बोध

राज्याच्या राजकीय जीवनात सन २०२५-२६ हे वर्ष स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकांचे वर्ष म्हणून नोंदले जाईल. नगरपरिषदा व नगरपंचायती, त्यानंतर महानगरपालिका आणि मग जिल्हा परिषदा व पंचायत समित्या अशा क्रमाने अवघ्या काही महिन्यांत मतदारांना वारंवार मतदान केंद्रांवर जावे लागले. कोणत्या पक्षास किती जागा मिळाल्या, सत्ता कोणाकडे गेली, याची चर्चा वृत्तपत्रांतून भरपूर झाली. परंतु या निवडणुका इतकी वर्षे का लांबल्या, हा त्याहून महत्त्वाचा प्रश्न मात्र निकालांच्या गदारोळात मागे पडला. पंचायतींचे सदस्य, शिक्षक व प्रशासनातील अधिकारी यांच्या दैनंदिन कामाशी या प्रश्नाचा निकटचा संबंध असल्याने त्याची साद्यंत माहिती येथे देण्याचे योजिले आहे.

घटनेने घातलेली मुदत

महाराष्ट्रात जिल्हा परिषदांची स्थापना १ मे १९६२ रोजी झाली. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवर आधारलेल्या १९६१ च्या अधिनियमाने विकासाची मोठी जबाबदारी जिल्ह्याच्या पातळीवरील निर्वाचित प्रतिनिधींकडे सोपविली. पहिली काही वर्षे निवडणुका बऱ्याच अंशी वेळेवर झाल्या. पुढे मात्र हा क्रम बिघडला. १९७९ च्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर जिल्हा परिषदांची पुढची निवडणूक थेट १९९२ मध्ये झाली. अन्य अनेक राज्यांतही हीच स्थिती होती. निवडणूक घेणे अथवा न घेणे हे त्या त्या वेळच्या सोयीवर अवलंबून राहिले होते.

या अनुभवातूनच ७३ वी व ७४ वी घटनादुरुस्ती झाली. या दोन्ही दुरुस्त्या १९९३ मध्ये अमलात आल्या. पंचायतींसाठी अनुच्छेद २४३-ई आणि नगरपालिकांसाठी अनुच्छेद २४३-यू यांनी या संस्थांची मुदत पाच वर्षांची ठरविली. पहिल्या सभेपासून पाच वर्षे, त्याहून अधिक नाही. आणि ही मुदत संपण्यापूर्वीच पुढील निवडणूक पूर्ण झाली पाहिजे, असे हे बंधन आहे. निवडणुका घेण्यासाठी स्वतंत्र राज्य निवडणूक आयोगाची तरतूद झाली व महाराष्ट्रात तो १९९४ मध्ये अस्तित्वात आला. त्यानंतर १९९७, २००२, २००७, २०१२ आणि २०१७ अशा पाच निवडणुका बहुतेक जिल्हा परिषदांमध्ये नियमाने पार पडल्या. ही शिस्त २०२२ मध्ये खंडित झाली.

आरक्षणाचे गणित

खंड का पडला, हे समजण्यासाठी आरक्षणाची रचना पाहणे आवश्यक आहे. अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती यांच्यासाठी त्या त्या क्षेत्रातील लोकसंख्येच्या प्रमाणात जागा राखून ठेवणे हे घटनेनेच बंधनकारक केले आहे. नागरिकांच्या मागास प्रवर्गाचे, म्हणजे इतर मागासवर्गाचे आरक्षण मात्र घटनेने राज्यांच्या विधिमंडळांवर सोपविले. महाराष्ट्राने १९९४ पासून या प्रवर्गासाठी २७ टक्के जागा राखून ठेवल्या. हे प्रमाण राज्यभर सरसकट लागू होते. महिलांचे आरक्षण, जे राज्यात २०११ पासून ५० टक्के आहे, ते या प्रत्येक प्रवर्गाच्या अंतर्गत असते. त्यामुळे एकूण आरक्षणाच्या बेरजेत ते वेगळे धरले जात नाही.

सन २०१० मध्ये के. कृष्णमूर्ती प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने दोन तत्त्वे सांगितली. शिक्षण व नोकरीतील मागासलेपण आणि राजकीय मागासलेपण ही एकच गोष्ट नव्हे, हे पहिले. स्थानिक संस्थांतील एकूण आरक्षण सामान्यतः ५० टक्क्यांच्या पुढे जाऊ नये, हे दुसरे. अनुसूचित क्षेत्रांतील जमातींच्या आरक्षणाचा अपवाद यातून राखण्यात आला.

ही मर्यादा प्रत्यक्षात कशी लागू होते, हे एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एका जिल्हा परिषदेत ६० जागा आहेत. तिची निम्मी संख्या ३०. लोकसंख्येच्या प्रमाणात अनुसूचित जमातींना २० आणि अनुसूचित जातींना ६ जागा गेल्या, तर उरल्या ४. सरसकट २७ टक्क्यांनी मागास प्रवर्गास १६ जागा मिळावयास हव्यात. पण मर्यादा पाळावयाची तर ४ च देता येतात. म्हणजे हा प्रश्न प्रामुख्याने आदिवासी लोकसंख्या मोठी असलेल्या जिल्ह्यांत तीव्र होतो. २०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के होते. अशा ठिकाणी अन्य आरक्षणास वावच उरत नाही.

त्रिसूत्री कसोटी

विकास किशनराव गवळी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात ४ मार्च २०२१ रोजी जो निर्णय झाला, तो याच विसंगतीबाबत होता. सर्वोच्च न्यायालयाने २७ टक्क्यांची तरतूद रद्द केली नाही. ती ‘२७ टक्क्यांपर्यंत’ अशी वाचावी, असे सांगितले. आणि हे आरक्षण देण्यापूर्वी तीन अटी पूर्ण करणे आवश्यक ठरविले. पहिली, स्थानिक संस्थांच्या संदर्भात मागासलेपणाची समकालीन व काटेकोर पाहणी करणारा समर्पित आयोग नेमणे. दुसरी, त्या आयोगाच्या शिफारशींनुसार प्रत्येक संस्थेगणिक आरक्षणाचे प्रमाण ठरविणे. तिसरी, सर्व आरक्षणांची बेरीज ५० टक्क्यांच्या आत ठेवणे. वृत्तपत्रांतून ज्याचा उल्लेख ‘इम्पिरिकल डेटा’ असा वारंवार झाला, ती हीच पाहणीतून मिळणारी माहिती.

या निर्णयाने धुळे, नंदुरबार, नागपूर, अकोला व वाशीम या जिल्हा परिषदांतील मागास प्रवर्गाच्या सदस्यांची पदे संपुष्टात आली आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये तेथे पोटनिवडणुका झाल्या. राज्याने सप्टेंबर २०२१ मध्ये काढलेल्या अध्यादेशास ६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने स्थगिती दिली; कारण त्यामागे आवश्यक ती माहिती नव्हती. परिणामी त्या वेळी चालू असलेल्या नगरपंचायतींच्या निवडणुकीत मागास प्रवर्गाच्या जागा सर्वसाधारण करून १८ जानेवारी २०२२ रोजी त्यांचे वेगळे मतदान घ्यावे लागले. राज्य मागासवर्ग आयोगाचा अंतरिम अहवालही मार्च २०२२ मध्ये न्यायालयाने स्वीकारला नाही.

तीन वर्षांचा ‘जैसे थे’

याच मार्चमध्ये मुंबई महानगरपालिकेची व २५ जिल्हा परिषदांची मुदत संपली. प्रभागरचनेचे अधिकार राज्य शासनाकडे घेणारा कायदा त्याच महिन्यात विधिमंडळाने संमत केला. माजी मुख्य सचिव जयंतकुमार बांठिया यांच्या अध्यक्षतेखाली समर्पित आयोग नेमण्यात आला. त्याने जुलै २०२२ मध्ये अहवाल दिला. इतर मागासवर्गाची लोकसंख्या सुमारे ३७ टक्के असल्याचा अंदाज त्यात होता. मतदारयाद्यांतील आडनावांचा आधार घेण्याच्या पद्धतीवर आक्षेप घेतले गेले. एकच आडनाव अनेक जातींत आढळते, हे महाराष्ट्रात कोणासही सांगावयास नको. तथापि २० जुलै २०२२ रोजी न्यायालयाने या अहवालाच्या आधारे निवडणुका घेण्यास अनुमती दिली.

प्रश्न मिटला असे वाटत असतानाच नवे वाद उभे राहिले. आधीच कार्यक्रम जाहीर झालेल्या संस्थांना नवे आरक्षण लागू होईल काय, आणि बदललेली सदस्यसंख्या व प्रभागरचना ग्राह्य धरावयाची काय, असे हे वाद होते. मुंबईच्या प्रभागांची संख्या २२७ वरून २३६ व पुन्हा २२७ झाली, हे त्याचेच एक उदाहरण. ऑगस्ट २०२२ मध्ये न्यायालयाने ‘जैसे थे’ स्थिती ठेवण्याचा आदेश दिला आणि त्यानंतर जवळजवळ तीन वर्षे प्रकरण तेथेच राहिले.

या काळात ग्रामपंचायतींच्या निवडणुका होत राहिल्या. डिसेंबर २०२२ मध्ये सात हजारांहून अधिक ग्रामपंचायतींचे मतदान झाले. परंतु सरपंचाच्या वरचे दोन स्तर लोकप्रतिनिधींवाचून होते. जिल्हा परिषदेत मुख्य कार्यकारी अधिकारी, पंचायत समितीत गटविकास अधिकारी, नगरपरिषदेत मुख्याधिकारी अथवा अन्य अधिकारी आणि महानगरपालिकेत आयुक्त हेच प्रशासक झाले. प्रस्ताव मांडणारा, त्यास मंजुरी देणारा व त्याची अंमलबजावणी करणारा अधिकारी बहुधा एकच राहिला. छत्रपती संभाजीनगर, नवी मुंबई व कोल्हापूर या महानगरपालिकांची मुदत तर २०२० मध्येच संपली होती. पंधराव्या वित्त आयोगाने रीतसर निर्वाचित संस्थांनाच अनुदानास पात्र ठरविले असल्याने निधीचाही प्रश्न उद्भवला. विधान परिषदेच्या ७८ पैकी २२ जागा स्थानिक संस्थांच्या मतदारसंघांतून भरल्या जातात. मतदारच नसल्याने त्यांपैकी अनेक जागा रिक्त राहिल्या.

मार्ग मोकळा झाला

६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा खोळंबा संपविण्याचा आदेश दिला. बांठिया अहवालापूर्वी जे आरक्षण कायद्यात होते, त्यानुसार चार आठवड्यांत निवडणुका अधिसूचित कराव्यात व त्या चार महिन्यांत पूर्ण करण्याचा प्रयत्न करावा, असे त्यात म्हटले होते. पुढे सप्टेंबरमध्ये ही मुदत ३१ जानेवारी २०२६ पर्यंत वाढविण्यात आली. आरक्षणाची मर्यादा ओलांडली गेल्याची तक्रार पुन्हा झाली, तेव्हा २८ नोव्हेंबर २०२५ रोजी न्यायालयाने जाहीर झालेल्या निवडणुका थांबविल्या नाहीत. मात्र ५० टक्क्यांची मर्यादा ओलांडलेल्या ५७ नगरपरिषदा व नगरपंचायतींचे निकाल अंतिम निर्णयाच्या अधीन ठेवले.

त्यानुसार २४६ नगरपरिषदा व ४२ नगरपंचायतींपैकी बहुतेकांचे मतदान २ डिसेंबर २०२५ रोजी झाले व सर्वांची मतमोजणी २१ डिसेंबर रोजी झाली. १५ जानेवारी २०२६ रोजी २९ महानगरपालिकांचे मतदान झाले. मुंबईच्या मतदाराने यापूर्वी नगरसेवक निवडला होता तो फेब्रुवारी २०१७ मध्ये. फेब्रुवारी २०२६ मध्ये मर्यादेच्या आत आरक्षण असलेल्या १२ जिल्हा परिषदा व त्यांतील पंचायत समित्यांसाठी मतदान झाले.

यातून घ्यावयाचा बोध

या दीर्घ वादात कोणत्या पक्षाचे किती चुकले, याचा हिशेब प्रत्येकजण आपापल्या परीने मांडील. परंतु सर्व घटनांच्या मुळाशी एक साधी गोष्ट आहे. कोणत्या समाजाचे किती लोक कोठे राहतात व सत्तास्थानांवर त्यांना किती वाव मिळाला, याची विश्वसनीय नोंद राज्याजवळ नव्हती. २०११ नंतर जनगणना झाली नव्हती आणि तीतही इतर मागासवर्गाची स्वतंत्र गणना नव्हती. न्यायालयाने आरक्षणाचे तत्त्व नाकारले नाही. त्याचा आधार मागितला. तो वेळेवर सादर न झाल्याने एका बाजूस मागास प्रवर्गाचे हक्काचे प्रतिनिधित्व आणि दुसऱ्या बाजूस सर्व नागरिकांचा मताधिकार, असे दोन्ही पणास लागले.

केंद्र शासनाने ३० एप्रिल २०२५ रोजी जनगणनेत जातींची गणना करण्याचा निर्णय घेतला आणि १ मार्च २०२७ ही जनगणनेची संदर्भ तारीख अधिसूचित झाली. ही मोजणी घरोघर जाऊन करण्याचे काम प्रगणकांचे असते आणि त्यांत शिक्षकांची संख्या मोठी असते. ग्रामसेवक, तलाठी व पंचायत सदस्य यांनी गावातील एकही वाडी, एकही पाडा, ऊसतोडीस वा वीटभट्टीवर गेलेले एकही कुटुंब नोंदीतून सुटू नये, याची दक्षता घेतली पाहिजे. आज वहीत चुकीचा पडलेला आकडा उद्या एखाद्या गटाचे आरक्षण, एखाद्या प्रभागाची सीमा व कदाचित एखाद्या संपूर्ण निवडणुकीचे भवितव्य ठरवितो.

पाच वर्षांनी निवडणूक हे घटनेचे वचन आहे. ते पाळले जावे यासाठी मुदत संपण्याच्या पुरेशी आधी प्रभागरचना, आरक्षणाची सोडत व मतदारयाद्या निर्दोष स्वरूपात तयार असणे, ही शासन, आयोग व स्थानिक संस्था या सर्वांची सामायिक जबाबदारी आहे. मुदत केव्हा संपते, हे तर पहिल्या सभेच्या दिवशीच ठरलेले असते.