रोखीने दिलेला खर्च टॅक्समध्ये कधी धरला जात नाही?

मित्रांनो, पेंटिंग, फॅब्रिकेशन, सेंट्रिंगची कामं घेता ना? मग हे नीट समजून घ्या. एका दुकानदाराला किंवा माणसाला एका दिवसात १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिली, तर काही अपवाद सोडता तो खर्च नफ्यातून वजा होत नाही. आधी मर्यादा २०,००० होती. २०१७-१८ पासून ती निम्मी झाली.

समजा, साइटसाठी १८,००० चा रंग रोखीने घेतला. बिल पक्कं, माल खरा. तरी वरचे ८,००० नाही, पूर्ण १८,००० नफ्यात धरले जातात. २० टक्के स्लॅब असेल तर ३,६०० रुपये जादा टॅक्स, सेस वेगळा. त्याच दिवशी दोन बिलं फाडली तरी बेरीज एकत्रच होते.

म्हणून यूपीआय, एनईएफटी किंवा अकाउंट पेयी चेक वापरा. बेअरर चेक चालत नाही. मालवाहतूकदाराला मात्र ३५,००० पर्यंत रोख चालते. मजुरी रोखीने देत असाल, तर प्रत्येकाच्या नावापुढे तारीख, रक्कम आणि सही घ्या.

उलाढालीवर ८ किंवा ६ टक्के नफा धरून रिटर्न भरणाऱ्यांना खर्च वेगळा दाखवायचाच नसतो, त्यामुळे त्यांना ही अडचण येत नाही.