प्रशिक्षण झालं, पण गणित सुधारलं का?

गेल्या महिन्यात मुरूडला मावशीकडे गेलो होतो. ती नववी-दहावीला गणित शिकवते. वह्या तपासता तपासता म्हणाली, "बघ, क्ष अधिक चारचा वर्ग. अर्ध्या वर्गाने लिहिलंय, क्ष वर्ग अधिक सोळा."

क्षच्या जागी ३ ठेवून बघा. यायला हवेत ४९, येतात २५. मधले 'आठ क्ष' गायब!

मी विचारलं, "अगं, तुमची प्रशिक्षणं होतात ना?"

"होतात की. शेवटी एक फॉर्म देतात. परतीची एसटी गाठायची असते, सगळ्यावर 'उत्तम' टिक करायचं नि निघायचं."

मग तो फॉर्म नेमकं मोजतो काय?

डोनाल्ड कर्कपॅट्रिक या अमेरिकन अभ्यासकाने १९५९ मध्ये प्रशिक्षण तपासायच्या चार पायऱ्या मांडल्या. आवडलं का? शिकलात का? कामात वापरता का? त्याने निकाल बदलला का? फॉर्म पहिल्या पायरीवर थांबतो, ऑनलाइन क्विझ दुसरीवर. मुलं मात्र चौथ्या पायरीवर बसलेली असतात.

२०२० चं राष्ट्रीय शिक्षण धोरण सांगतं, शिक्षकाचं वर्षाला ५० तास प्रशिक्षण व्हावं. २०२१ मध्ये माध्यमिक शिक्षकांसाठी 'निष्ठा २.०' दीक्षावर ऑनलाइन सुरू झालं. तास आणि प्रमाणपत्रं मोजणं सोपं आहे. पण त्यावरून वर्गात काय बदललं ते कळत नाही.

चीनमध्ये हे नीट तपासलं गेलं. गणिताचे ६०० शिक्षक, ३३ हजारांहून जास्त विद्यार्थी. प्रशिक्षण कोणाला द्यायचं, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. २०१९ मध्ये निष्कर्ष छापून आला: वर्षभरानंतरही शिक्षकांचं ज्ञान, शिकवण्याची पद्धत, मुलांचे गुण, कशातच फरक नाही. कारण? थिअरी फार, आणि शिक्षक नुसते ऐकत बसलेले.

आम्ही ॲपमध्ये नवीन फीचर आधी निम्म्या लोकांना देतो, मग तुलना करतो. मुरूड, श्रीवर्धन, म्हसळ्यात हे जमेल. नाहीतरी सगळ्या शाळांचं प्रशिक्षण एकदम होत नाही. कोणत्या शाळा आधी, ते चिठ्ठीने ठरवा. दोन्हीकडच्या मुलांना आधी आणि सहा महिन्यांनी सारखीच चाचणी द्या. आणि वर्गात मागच्या बाकावर बसून एवढंच बघा: चुकीचं उत्तर आल्यावर शिक्षक "सूत्र पाठ करा" म्हणतात, की "हे कसं काढलंस?" विचारतात?

मावशीच्या वर्गातले ते 'आठ क्ष' परत आले, तरच प्रशिक्षण झालं म्हणायचं.

तुमच्या बाईंनी किंवा सरांनी कधी असं विचारलं होतं? व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात!