आधी पाठ, मग बाण

साताऱ्याची अदिती स्वामी 2023मध्ये बर्लिनला जगज्जेती झाली, तेव्हापासून आमच्याकडे आयांच्या गप्पांत धनुष्यबाण आला. ती कंपाउंडवाली, माझी लेक रिकर्व्ह शिकते. मैत्रिणींनो, सीझनआधीचे दोन महिने बाण कमी आणि घामच जास्त! मोठ्या गटातल्या मुली एका बाणाला साधारण 16 ते 18 किलोचा जोर लावून दोरी ओढतात. पात्रता फेरीत बाण 72. करा हिशेब, हजार किलोंच्या वर जातो! हा भार दंडावर नाही, पाठीच्या फऱ्यांवर यायला हवा. म्हणून आधी रबर बँड, प्लँक, मग हलकं धनुष्य. सुट्टीनंतर एकदम जड धनुष्य उचललं, की खांदा धरलाच म्हणून समजा. लेक कुरकुरते, "आई, बाकीच्या कधीच्या सुरू झाल्या!" होऊ देत.

मनाची तयारी आणखी चिवट. सामन्यात एका बाणाला 20 सेकंद. तेवढ्यात श्वास, पकड, नेम, सगळं ठरल्या क्रमानं. त्यासाठी चार-पाच पावलांवरून, लक्ष्याचा कागदच न लावता मारायचं. गुण नाहीत, तर धास्तीही नाही. शेजारच्या काकू हसतात, "इतक्या जवळून तर मीपण मारेन!"

काल सराव संपल्यावर विचारलं, "खांदा दुखतोय का गं?"

"नाही. पाठ भरून आलीय."

मला बरं वाटलं.