रायगड किनाऱ्यावरील दूरस्थ आकाशाचे छायाचित्रण : शीतित खगोलीय कॅमेऱ्याच्या संदर्भात

प्रस्तावना :

अलिबाग येथील भूचुंबकीय वेधशाळा १९०४ मध्ये सुरू झाली, ती मुंबईतील ट्रामगाड्यांमुळे. मुंबईत विजेच्या ट्राम येऊ घातल्या होत्या आणि कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून घेतल्या जाणाऱ्या चुंबकीय नोंदी त्या विद्युत्प्रवाहाने दूषित होणार, हे स्पष्ट झाले होते. वेधशाळेचे तत्कालीन संचालक नानाभाई मूस यांच्या काळात हे काम अलिबागला हलविण्यात आले. १९०४ ते १९०६ या काळात दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेण्यात आल्या, त्यामुळे जुन्या-नव्या मापनांचा सांधा जुळविता आला. मापनात शिरणारा उपद्रव आधी ओळखावा, तो शक्य तितका टाळावा आणि जो टळत नाही तो मोजून वजा करावा, ही दृष्टी त्यामागे होती. तेजोमेघ, दीर्घिका व तारकागुच्छ यांचे छायाचित्रण शिकू पाहणाऱ्यासही याच किनाऱ्यावर नेमके हेच करावे लागते.

उपकरण आणि उष्णता :

दूरस्थ खगोलीय पदार्थांपासून येणारा प्रकाश इतका क्षीण असतो की तो मिनिटा-मिनिटांच्या अनेक उद्भासनांतून गोळा करावा लागतो. पृथ्वीच्या परिवलनामुळे खगोलीय विषुववृत्ताजवळील तारा एका सेकंदात १५ विकला सरकतो. ४०० मि.मी. नाभीय अंतराची दुर्बीण आणि ३.७६ मायक्रॉनचे पिक्सेल असलेला संवेदक घेतल्यास एका पिक्सेलमध्ये सुमारे १.९ विकला मावतात. म्हणजे सेकंदाच्या सातव्या-आठव्या हिश्शातच तारा पिक्सेल ओलांडतो. म्हणून दुर्बीण विषुववृत्तीय माऊंटवर बसवून त्याचा अक्ष खगोलीय ध्रुवाकडे रोखतात. अलिबागहून ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम साडेअठरा अंशांवर दिसतो. नारळी-पोफळीच्या वाडीत उभे राहिल्यास तो झाडांआड जातो, ही अडचण नवशिक्यास पहिल्याच रात्री कळते.

खास खगोलीय कॅमेऱ्याचे वेगळेपण त्याच्या शीतन यंत्रणेत आहे. संवेदकात प्रकाश नसतानाही उष्णतेमुळे इलेक्ट्रॉन मुक्त होतात. हा ‘डार्क करंट’ तापमान साधारण ६ ते ७ अंशांनी वाढले की दुप्पट होतो. २५ अंशांवरून उणे १० अंशांपर्यंत संवेदक थंड केल्यास तो सुमारे ४० पटींनी घटतो. मात्र अशा कॅमेऱ्यांचे शीतक बहुधा भोवतालच्या तापमानापेक्षा ३५ अंशांपर्यंतच खाली जाऊ शकतात. जानेवारीच्या रात्री उणे १० सहज साधते. एप्रिल-मेच्या दमट रात्री त्याच आकड्याचा आग्रह धरल्यास शीतक पूर्ण शक्तीने चालूनही तापमान डळमळते. रायगडच्या हवेत ० किंवा उणे ५ अंश स्वीकारून ते स्थिर राखणे अधिक शहाणपणाचे. तापमान स्थिर असेल तरच त्याच तापमानास व तितक्याच कालावधीच्या, झाकण लावून घेतलेल्या ‘डार्क फ्रेम’ वजा करता येतात. साध्या डीएसएलआर कॅमेऱ्यात तापमानावर ताबा नसल्याने ही वजाबाकी विश्वासार्ह होत नाही. किनाऱ्यावरील बाष्प हा आणखी एक शत्रू. थंड संवेदकापुढील काचेवर दव धरते, म्हणून काचेस व भिंगास तापपट्टी लागते आणि आतील शोषक गोळ्या वेळोवेळी वाळवाव्या लागतात. खारा वारा माऊंटच्या दंतचक्रांचे काय करतो, हे किनाऱ्यावर राहणाऱ्यांस सांगण्याची गरज नाही.

दिशेचा प्रश्न :

यंत्रणा कितीही चांगली असली तरी आकाशाची पार्श्वदीप्ती तिच्या हाती नाही. एकत्र केलेल्या चित्रांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात चित्राची सुस्पष्टता वाढते. दोन मिनिटांची ३० चित्रे जोडल्यास ती सुमारे साडेपाच पट होते. परंतु आकाश एका प्रतीने उजळ असेल, तर तितक्याच सुस्पष्टतेसाठी सुमारे अडीचपट वेळ लागतो आणि दोन प्रतींनी उजळ असेल तर सहापटींहून अधिक. एका रात्रीचे काम आठवड्याचे होते.

अलिबागहून कुलाबा सरळ रेषेत सुमारे ३० कि.मी. उत्तरेस, तर हरिहरेश्वरहून ते १०० कि.मी.च्या आसपास आहे. त्यामुळे सप्तर्षीतील मेसिए ८१ व ८२ या दीर्घिकांची निवड अलिबागमध्ये अयोग्य ठरते. त्या उत्तरेस फार तर ४० अंशांपर्यंत चढतात, म्हणजे मुंबईच्या उजेडातच राहतात. याउलट नरतुरंगातील ओमेगा सेंटॉरी हा गोलाकार तारकागुच्छ एप्रिलच्या मध्यरात्री दक्षिणेस सुमारे २४ अंश उंचीवर येतो. युरोपातील बहुतेक निरीक्षकांच्या क्षितिजावर तो येतच नाही. पश्चिमेस समुद्र असल्याने तिकडे वस्तीचा उजेड नाही. नौकांवरील प्रखर दिवे मात्र आहेत, यद्यपि एलईडी दिव्यांच्या साह्याने मासेमारी करण्यास केंद्र शासनाने २०१७ मध्ये बंदी घातली. मृगातील तेजोमेघासारख्या पदार्थांसाठी हायड्रोजनच्या ६५६.३ नॅनोमीटर तरंगलांबीचा अरुंद फिल्टर बराच उजेड गाळतो. दीर्घिकांचा प्रकाश सर्व तरंगलांबींत विखुरलेला असल्याने त्यांच्याबाबत तो उपाय फारसा चालत नाही; तेथे अंधारच हवा.

हा अंधार उत्तरेकडून आक्रसतो आहे. न्हावा-शेवा बंदर १९८९ पासून कार्यरत आहे, जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. जानेवारी २०२४ मध्येच विदर्भातील पेंच व्याघ्र प्रकल्पास ‘डार्क स्काय पार्क’ हा दर्जा मिळाला. कोकण किनाऱ्यासाठीही तशी मागणी करावयाची, तर आधी हाती आकडे हवेत. येथे महाविद्यालयांना वाव आहे. शीतित कॅमेरा हा मुळात फोटॉन मोजणारे उपकरण आहे आणि प्रत्येक चित्राची पार्श्वभूमी ही त्या रात्रीच्या आकाशदीप्तीची नोंद असते. जून ते सप्टेंबर आकाश झाकलेले असते, तेव्हा बंद खोलीत डार्क फ्रेमचा संग्रह आणि संवेदकाच्या गुणधर्मांचे मापन भौतिकशास्त्र व संख्याशास्त्र विभागांना मिळून करता येईल. पावसानंतर अलिबाग, मुरूड व श्रीवर्धन येथून दर अमावास्येस, त्याच कॅमेऱ्याने, त्याच तापमानास, चारही दिशांची चित्रे घ्यावीत. कॅमेरा बदलल्यास, १९०४ ते १९०६ प्रमाणेच, काही महिने जुना व नवा दोन्ही चालवावेत.